आखाजीच्या माशा

मळा, शिरपूर तालुका
२७ सप्टेंबर २०२३

चि. स्नेहल,

तुझ्या आबाचा आणि अक्काचा आशीर्वाद. पत्रासोबत बाटल्या आहेत. एसटीच्या पार्सलात दिल्या तेव्हा खिडकीतल्या माणसाने विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "माशा." तो म्हणाला, "बाबा, चेष्टा नका करू, मागे रांग आहे." शेवटी 'शैक्षणिक साहित्य' असं लिहून दिलं. सरस्वती मला माफ करो.

तू सांगितलंस तसंच सगळं केलं. पलीकडच्या नवलच्या पोल्ट्रीतली आपोआप मेलेली कोंबडी आणली, कुत्र्यांपासून जपायला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली आणि पिंजरा उघड्या वावरात, आपल्या केळीच्या बागेच्या बांधाजवळ. सकाळ-संध्याकाळ जाळं फिरवून माशा धरल्या, चिमट्याने अळ्या वेचल्या. जन्मभर मोटारींची वायंडिंग केली, केसासारखी तार बोटात खेळवली, त्यामुळे माशी धरायला हात बसलेलाच आहे असं समज.

पण अक्का! पिंजरा बघितला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "घरमा बठ्ठं सोडीसन मरेल कोंबडीनी चाकरी? तुम्ही येडा व्हयनात का?" मी म्हटलं, आपल्या पुतण्याच्या, प्रेमराजच्या पोरीचा अभ्यास आहे, मोठी डॉक्टरीण होणार आहे. तर म्हणे, "डाक्टरीण माणसंनी व्हस. माशासनी कसानी डाक्टरीण?" आता हे तुलाच विचारतो. कोणत्या मोसमात मेलेल्या जनावरावर कोणती माशी येते, हे कळून पुढे काय? फोनवर सांगू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो.

या वेळी आल्या त्या टपोऱ्या, निळ्या-हिरव्या, डोळे लालभडक. तुझं ते शास्त्रातलं नाव माझ्या जिभेवर चढत नाही. मी तिला लालडोळी म्हणतो.

तुझा,
पितांबर आबा

—

जळगाव
४ ऑक्टोबर २०२३

आदरणीय आबा,

तुम्हा दोघांना नमस्कार. बाटल्या शाबूत पोचल्या. लालडोळी हे नाव आता आमच्या प्रयोगशाळेतही रूढ झालं आहे, फक्त सरांसमोर उच्चारत नाही.

अक्कांना सांगा, माणूस कुठे मेलेला सापडला आणि कधी मेला हे कुणालाच ठाऊक नसलं, तर त्याच्यावरच्या अळ्या बघून अंदाज बांधता येतो. पण त्यासाठी आधी माहीत पाहिजे की आपल्या भागात, उन्हाळ्यात कोण येतं, पावसाळ्यात कोण, थंडीत कोण. दुसऱ्या देशातल्या पुस्तकात त्यांच्या माशा आहेत. आपल्या खानदेशच्या कुणी नीट मोजलेल्या नाहीत. म्हणून एक पिंजरा इथे जळगावच्या माळावर आणि एक तुमच्याकडे. दोन जागा, तिन्ही मोसम. एक जागा गळाली तर माझं म्हणणं लंगडं पडतं.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते, पप्पांना मी सांगितलं हे कळू देऊ नका. त्यांनी मला पुढच्या जुलैपर्यंतची मुदत दिली आहे. जुलैत समितीपुढे माझं काम मांडायचं आहे. समितीने मान्य केलं तर शिकायचं. नाहीतर चाळीसगावचं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलंच आहे. मुलगा वाईट नाही म्हणे. मी त्याला पाहिलेलं नाही, आणि तूर्त माझं सगळं लक्ष कोंबड्यांकडे आहे.

म्हणून आबा, एकच विनंती. पिंजरा जिथे आहे तिथेच राहू द्या. ऊन असो, पाऊस असो. जागा बदलली की सगळं बदललं.

तुमची,
स्नेहल

—

मळा
७ जानेवारी २०२४

चि. स्नेहल,

थंडीच्या बाटल्या पाठवतो आहे आणि सोबत माझा गोंधळही.

अगं, लालडोळी गेली कुठे? भादव्यात अशा घोंघावत होत्या की जाळं फिरवावं तर ओंजळभर सापडाव्यात. आता सकाळी दव वाळेपर्यंत पिंजऱ्यापाशी शुकशुकाट. मग ऊन वर आलं की एकेक येते, लहान चणीची, हिरवी, अंगावर सोन्याचा मुलामा दिल्यासारखी. मी तिचं नाव सोनारीण ठेवलं आहे. जळगावच्या सराफ बाजारात शोभून दिसेल अशी. पण मला कळत नाही, या दोघींना सांगतं कोण? सोनारीण भादव्यात कुठे होती? लालडोळी आता कुठे दडून बसली? मेली? मग पुढच्या पावसात येणार कुठून? नवल म्हणतो, "आबा, त्यासले पाळी लावेल शे, दालमिलसारखी." मी त्याला हसलो, पण दोन दिवस तेच डोक्यात फिरत होतं.

अक्का थोडी निवळली आहे. अळ्यांवरून मेलेल्या माणसाची वेळ कळते म्हटल्यावर तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मरेल माणूसनी साक्ष देतीस त्या." आणि पिंजऱ्याकडे बघून पदर सारखा केला. तरी वाऱ्याची दिशा फिरली की वास थेट उंबऱ्यावर येतो, आणि मग मी दुपारभर मळ्यातल्या खाटेवर तडीपार.

प्रेमराजचा फोन होता. तुझं गुपित मी फोडलं नाही. तो स्थळाचं बोलला. मी म्हटलं, सध्या लाईन खराब आहे.

आबा

—

जळगाव
२० मार्च २०२४

आबा,

सोनारीण माझ्याकडेही आली! तुमची जागा आणि माझी जागा, दोन्हीकडे थंडीत तीच. सर म्हणाले, "स्नेहल, हे जुळतंय." आमचे भूपेंद्र सर एवढं बोलले म्हणजे आमच्याकडे पेढे वाटायचे.

सोनारिणीला कोण सांगतं ते मलाही नीट सांगता येत नाही. ऊब आणि ओल यांचा खेळ आहे एवढं पुस्तक म्हणतं.

आता शेवटचा मोसम, आणि सगळ्यात मोठा. मेच्या रखरखीत उन्हात उघड्यावर एक वेगळीच माशी यायला हवी. दिसायला लालडोळीची चुलत बहीण, पण तिची अळी काटेरी असते आणि भूक लागली की दुसऱ्या अळ्यांनाही खाते. आपण तिला काटेवाली म्हणू. भर दुपारी तीही यायची नाही, पहाटे आणि तिन्हीसांजेला बघा. आखाजीच्या आठवड्यात (अक्षय्य तृतीया १० मेला आहे) ताजी कोंबडी ठेवा, मीही त्याच दिवसांत ठेवते.

माझा सगळा जुलै तुमच्या मेवर उभा आहे.

स्नेहल

—

मळा
१६ मे २०२४

चि. स्नेहल,

बाटल्या पाठवल्या आहेत. काही दिवस कामासाठी धुळ्याला लेकीकडे, दिपमालाकडे जाऊन आलो. पण तुझं काम खोळंबलं नाही, माशा वेळच्या वेळी धरल्या गेल्या. अक्षर वाकडं आलं असेल तर ऊन फार आहे असं समज. जास्त लिहीत नाही.

आबा

—

जळगाव
२५ मे २०२४

आबा,

रागावू नका. पण काहीतरी फार मोठा घोळ झाला आहे आणि तो मला उलगडत नाही.

माझ्या माळावर काटेवाली आली, अगदी ठरल्यासारखी. तुमच्या बाटल्या उघडल्या तर सगळ्या लालडोळ्या! एकही काटेवाली नाही. अळ्या बघितल्या, त्याही गुळगुळीत. मेमध्ये, उघड्या वावरात, पारा चव्वेचाळीसच्या वर असताना पावसाळ्याची माशी! मी पुन्हा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. माझेच डोळे बिघडले असं वाटायला लागलं.

सर म्हणतात, कुणीतरी भादव्याच्या उरलेल्या बाटल्या पाठवल्या. मी म्हटलं, आमचे आबा असं कधी करणार नाहीत. सर म्हणाले, "मुद्दाम नाही गं. वय झालं की बाटल्या अदलाबदल होतात."

आबा, झाल्या का? तुम्ही स्वतः धरल्यात ना? सांगा, मी काही म्हणणार नाही. फक्त खरं काय ते कळू द्या, नाहीतर जुलैत मी उभी कशावर राहू?

स्नेहल

—

मळा
१ जून २०२४

चि. स्नेहल,

तुझं पत्र वाचून आधी बाटल्यांचं फडताळ उघडून पाहिलं. भादव्याची एकही बाटली माझ्याकडे उरलेली नव्हती, सगळ्या तुलाच दिल्या होत्या. सरांना तेवढं सांग.

पण 'स्वतः धरल्यात ना' हे विचारलंस तिथे मी अडकलो. बाळा, नाही धरल्या. धुळ्याला काम म्हणजे डोळ्याचं काम. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डॉक्टरांनी तारीख दिली ती नेमकी आखाजीच्या आठवड्यातली. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू द्या आबा, दुसरं कुणी बघते. आणि मला ते नको होतं. या वयात कुणी आपल्यावर काम टाकलं तर ते हातातून सोडवत नाही गं.

माशा अक्काने धरल्या. होय, तिनेच. मी पट्टी बांधून दिपमालाच्या घरी पडलो होतो आणि इथे ती नाकाला पदर लावून सकाळ-संध्याकाळ जाळं फिरवत होती. जाताना मी तिला बजावलं होतं, पिंजऱ्याला हात लावायचा नाही. परत आलो तर पिंजरा बांधाजवळच, जागच्या जागी. मी स्वतः पाहिला. एका डोळ्याने का होईना.

मग माशांनाच काही झालं का? त्यांनाही हल्ली मोसम कळेनासा झाला असेल का? माणसं जानेवारीत पंखा लावतात, तसं. मी काल परत एक कोंबडी ठेवली, म्हटलं उन्हाळा संपायच्या आत काटेवाली गाठू. आणि संध्याकाळी वळवाने झोडपलं. आता काय येईल आणि तिला काय म्हणायचं, मला समजेनासं झालं आहे.

तुझं पत्र अक्काला वाचून दाखवलं. ती एक शब्द बोलली नाही. अक्का आणि गप्प! मला तुझ्या माशांपेक्षा तिचंच कोडं जास्त वाटतं आहे.

आबा

—

जळगाव
९ जून २०२४

आबा,

डोळा कसा आहे? आधी ते सांगा. औषधाचे थेंब वेळेवर घाला आणि माझ्या कामासाठी उन्हात जाऊ नका. तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी दुसरं कुणी बघितलं नसतं, मीच आले असते.

सर आता म्हणतात, तुमची जागा प्रबंधातून गाळून टाकू. गाळली तर नुसत्या एका माळावरून मी काय बोलणार? समिती पहिल्याच प्रश्नाला खाली बसवेल. ठेवली तर विचारतील, ही पावसाळी माशी मेमध्ये कशी? आणि माझ्याकडे उत्तर नाही. पप्पांनी चाळीसगावकरांना जुलैअखेरीला या म्हणून सांगितलंसुद्धा आहे.

अक्कांवर माझा संशय नाही. त्यांनी माझ्यासाठी मेलेली कोंबडी जपली, यातच मला भरून आलं. फक्त त्यांना एकदा विचारा, त्या दिवसांत काही वेगळं घडलं का? पाणी सोडलं, कुणी फवारणी केली, काहीही.

स्नेहल

—

मळा
१६ जून २०२४

चि. स्नेहल,

विचारलं. आणि विचारायला नको होतं असं वाटतं.

मी म्हटलं, "झुंबर, पोरगी विचारते, आखाजीला काही वेगळं झालं का?" ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "मी माहेरले जास." आज सकाळी पहिल्या एसटीने गेलीसुद्धा. पिशवीत केळीची एक फणी आणि नवं लुगडं. माहेराला जायला तिला नवं लुगडं कधीपासून लागायला लागलं? फोन घरीच ठेवून गेली.

तिला लागलं असणार. इतकी घाण सोसून काम केलं आणि वर चौकशी. तुझं काही चुकलं नाही, मीच वेडावाकडा विचारलं. ती आली की तू एक गोड पत्र लिही. माशांचा विषय काढू नकोस.

मी एकटाच आहे. भाजी खारट झाली आणि ओरडायला कुणी नाही.

आबा

—

जळगाव
१७ जून २०२४

आबा,

हे पत्र अक्कांच्याच पिशवीत पाठवते आहे, म्हणजे ते वाचाल तेव्हा त्या समोर उभ्या असतील. ओरडू नका. त्या माहेरी गेल्याच नव्हत्या. काल आमच्या दारात उतरल्या आणि मला म्हणाल्या, "आबासले फोन करू नको. माले आधी तुना सरले भेटनं शे."

आज सकाळी कॉलेजात घेऊन गेले. भूपेंद्र सर उठून उभे राहिले. अक्कांनी केळीची फणी टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच सुरुवात केली, "पोरनी काही चूक नही. पिंजरा मी लई गयथू."

सर गोंधळले. "म्हणजे तुम्ही पिंजरा हलवलात?"

"हलावा नही. उचलीसन केळीना बागमा ठेवा."

"पण का?"

अक्कांनी सरांकडे असं बघितलं, की एवढे शिकलेले आणि हेही कळत नाही! "आखाजीले पितर येतस ना जेवाले. घागर भरेल, सांजोरी करेल, आमरस करेल. नि वारा घरकडे. मरेल कोंबडीना वास उंबरावर. मनी सासू जित्ती व्हती तवय नाक मुरडे. आते तर ती पितर व्हयनी."

मी हसू दाबलं. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "केळीच्या बागेत ठिबक चालू होतं?"

"सकाय-संध्याकाय. खाले चिखल, वर पानं. मे महिनामा बी तठे गारवा."

"आणि माशा तिथेच धरल्यात?"

"मंग! पोरनं काम थोडी बुडावसू? हाऊ येवाना आदला दिन पिंजरा जागावर ठेई दिधा. हात लावाना नही सांगेल व्हतं, म्हनीसन बोलनू नही."

आबा, 'हाऊ' म्हणजे तुम्ही.

सरांनी एक बाटली उजेडात धरली. मग म्हणाले, "बाहेर मे होता. बागेत नव्हता." आणि परत बाटल्यांकडे बघत बसले. त्यांनाही त्या क्षणी नक्की काय हाती लागलं ते कळलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. एक सोडून तीन प्रश्न निघाले. बागेत मेलेल्याची वेळ आणि माळावर मेलेल्याची वेळ वेगळी मोजायची का? मग पंधरवड्यापूर्वी लावलेल्या केळीचं काय, आणि घड कापल्यावर मोकळ्या झालेल्या बागेचं काय? पण एवढं ठरलं की या बाटल्या तुमच्या उघड्या वावराचा उन्हाळा म्हणून चालणार नाहीत. ती जागा कोरी. जुलैत मी समितीला तसंच सांगायचं, काय घडलं त्यासकट, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन पिंजरे एकाच वेळी ठेवायचे. एक उघड्यावर, एक केळीत.

पुढचा उन्हाळा म्हणजे आणखी एक वर्ष. आणि वर्ष तर पप्पांच्या हातात.

संध्याकाळी पप्पा दालमिलमधून आले. अक्कांनी त्यांना बूटही काढू दिले नाहीत. "प्रेमराज, चूक मनी. नि सजा पोरले? हाऊ कोठला न्याव शे?"

पप्पा म्हणाले, "काकू, सजा कसली? लगीन म्हणजे सजा का?"

"माले इचारतस? पंचावन वरीस व्हयनात मना लगीनले," अक्का म्हणाल्या. मम्मी पाणी आणायला म्हणून आत गेली ती हसू आवरेपर्यंत बाहेर आली नाही.

पप्पांनी एक बूट काढला. मग म्हणाले, "एक उन्हाळा. त्याच्यापुढे एक दिवस नाही." चाळीसगावकरांना त्यांनी फोनवर काय कारण सांगितलं माहीत आहे? "पोरीच्या काकीआजीमुळे लांबलं." तिकडच्यांना वाटलं, अक्का गेल्या. त्यांनी सांत्वन केलं. पप्पांनी ते गोंधळून स्वीकारलं.

आबा, आता हे एक वर्ष अक्कांनी मिळवलेलं आहे. फक्त पुढच्या आखाजीला पिंजरा जागचा हलता कामा नये. हे त्यांना तुम्हीच सांगा, माझी हिंमत नाही.

स्नेहल

—

मळा
२७ एप्रिल २०२५

चि. स्नेहल,

दोन्ही पिंजऱ्यांच्या पहिल्या बाटल्या सोबत आहेत. दोन्ही डोळ्यांनी, स्वतः धरल्या आहेत. झाकणाला लाल दोरा तो उघड्या वावराचा, हिरवा दोरा तो केळीतला.

जे दिसलं ते लिहितो, अर्थ तू लाव. उघड्यावर पहाटे काटेवाली आली, अळीवर काटे मोजता येतील असे. बांध ओलांडून केळीत शिरलो तर लालडोळी. तीच कोंबडी, नवलच्या त्याच खुराड्यातली, त्याच दिवशी मेलेली. मध्ये बांध एवढाच. एक पाय वैशाखात आणि एक भादव्यात ठेवून मी मधेच उभा राहिलो. वय झालेल्या माणसाने इतक्या पटकन मोसम बदलू नये, चक्कर आल्यासारखं झालं. इतकी वर्षं मला वाटायचं, मोसम वरून येतो, सगळ्यांवर सारखा. आता कुणी 'सध्या काय मोसम आहे' विचारलं तर मी 'कुठे?' असं विचारणार.

आणि लाल दोऱ्याच्या एका बाटलीत एक सोनारीण आहे. एकच. एप्रिलच्या उन्हात, उघड्यावर. मी काढून टाकली नाही. ती कशी आली मला विचारू नकोस, मला काहीच माहीत नाही.

तीन दिवसांवर आखाजी आली. तू सांगितलेलं मला अक्काला सांगायचं होतं आणि मी महिनाभर टाळत होतो. काल धीर केला. म्हटलं, "झुंबर, यंदा आखाजीला पिंजरा..." तिने मला पुरतं बोलूही दिलं नाही. "माहीत शे. हलाडाना नही."

"मग घागर? पितर? वास?"

"ते मी देखी लिधं," म्हणाली आणि घागरीवर ठेवायचं डांगर बघायला बाजारात निघून गेली.

आज सकाळी कळलं. ती उद्या दुपारच्या एसटीने तुमच्याकडे येते आहे. सोबत नवी घागर, सांजोरीचं सामान आणि आंब्याची पेटी. यंदाची आखाजी जळगावला, प्रेमराजच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. काल तिन्हीसांजेला दिवा लावून तिने पितरांना मोठ्याने पत्ता सांगितला, रिंग रोडपासून डावीकडे कुठे वळायचं तेसुद्धा. माझ्या आईला जळगाव ठाऊक नव्हतं, आणि लिफ्टमध्ये तर ती कधी पाय ठेवणार नाही. ती येईल की नाही, मला सांगता येत नाही. प्रेमराजला म्हणावं, जिन्यातला दिवा चालू ठेव.

मी इथेच राहतो आहे. पिंजरा हलवायचा नाही म्हणून तुझ्या अक्काने पितर हलवले, तर माशा धरायला घरचं कुणीतरी हवं.

तुझा,
आबा